महाराष्ट्राच्या लोकसंख्येचा जमाखर्च

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाखांवरून ११ कोटी २४ लाखांवर गेली. दीड कोटीहून अधिक माणसांची भर पडली. पण याच दशकात राज्यातले तीन जिल्हे आक्रसले. रत्नागिरीत सुमारे ८२ हजार माणसं कमी झाली, सिंधुदुर्गात १९ हजार आणि मुंबई शहर जिल्ह्यात तर अडीच लाख. त्याच वेळी ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर पोचला आणि देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. पालघर तेव्हा त्याच्यापासून वेगळा झालेला नव्हता.

राज्य एक, दशक एक, आणि तरी कुठे ओस पडणारी गावं, कुठे पाय ठेवायला जागा नाही अशी लोकल. याचं कारण समजायला अवघड गणित लागत नाही. कोणत्याही प्रदेशात माणसाची भर दोनच वाटांनी पडते: कुणी जन्माला येतं किंवा कुणी बाहेरून राहायला येतं. घटही दोनच वाटांनी होते: कुणी मरण पावतं किंवा कुणी सोडून जातं. जन्मांतून मृत्यू वजा केले की नैसर्गिक वाढ मिळते. आलेल्यांतून गेलेले वजा केले की नक्त स्थलांतर मिळतं. या दोन्हींची बेरीज म्हणजे लोकसंख्येतला बदल. घरच्या वहीत जमा आणि खर्चाचे रकाने वेगळे मांडतात, तसेच इथेही मांडावे लागतात. नुसती शिल्लक पाहून घर कसं चाललं आहे ते कळत नाही.

“लोकसंख्या फार वाढली” हे वाक्य आपण सर्रास बोलतो. कोणत्या रकान्यामुळे वाढली, हे मात्र क्वचित विचारतो. ते विचारायला हवं, कारण प्रत्येक रकान्यामागची कारणं निराळी असतात आणि त्यावर करायचं कामही निराळं.

आधी मृत्यू हटला

विसाव्या शतकाच्या आरंभी या वहीतला मोठा आकडा मृत्यूचा होता. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला. १८९१ च्या जनगणनेत ८ लाख २२ हजार असलेली मुंबई १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली होती. कित्येक मेले, कित्येक शहर सोडून गेले. १९१८ च्या उन्हाळ्याअखेर इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरातून देशात शिरला आणि त्याच वर्षीच्या शरदात त्याच्या दुसऱ्या लाटेने गावंच्या गावं आजारी पाडली. त्यात पाऊसही दगा देऊन गेला होता. देशभरात एक कोटीहून अधिक बळी गेल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९११ साली २ कोटी १५ लाख लोक होते. १९२१ साली ते २ कोटी ८ लाखांवर आले. दहा वर्षं मुलं जन्मत होती आणि तरी राज्य सहा लाखांहून अधिक माणसांनी लहान झालं.

त्यानंतरच्या एकाही जनगणनेत या प्रदेशाची लोकसंख्या घटलेली नाही. म्हणूनच भारताच्या लोकसंख्येच्या इतिहासात १९२१ हे दुभाजक वर्ष मानतात. प्लेग ओसरला, देवीची लस पोचली, स्वातंत्र्यानंतर हिवतापाविरुद्ध फवारण्या झाल्या, प्रतिजैविकं आली. दुष्काळ मात्र संपले नाहीत, त्यांनी माणसं मारणं कमी झालं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये लाखो दगावले होते. १९७२ चा दुष्काळही भीषण होता, पण धान्य आणून वाटलं गेलं, रस्त्यांची आणि तलावांची कामं निघाली, खडी फोडून का होईना मजुरी मिळाली. रोजगार हमीची घडी त्याच काळात बसली. रेशनची साखळी आणि कामाची हमी यांनी मृत्युदर आटोक्यात ठेवला.

मृत्यू हटला, पण जन्म लगेच कमी झाले नाहीत. १९७१ साली महाराष्ट्रात दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ३२ जन्म आणि १२ मृत्यू होत होते. फरक २० चा, म्हणजे वर्षाला दोन टक्के. ७० या संख्येला वाढीच्या टक्क्यांनी भागलं की लोकसंख्या दुप्पट व्हायला लागणारी वर्षं साधारण मिळतात. या हिशेबाने महाराष्ट्र ३५ वर्षांत दुप्पट व्हायचा. प्रत्यक्षात १९६१ मधले ३ कोटी ९६ लाख १९९१ मध्ये ७ कोटी ८९ लाख झाले, म्हणजे ३० वर्षांतच जवळजवळ दुप्पट. वेगातला हा जादा भाग काही अंशी बाहेरून येणाऱ्यांचा होता. मुख्य जोर मात्र घरच्याच पाळण्याचा, आणि त्याहूनही त्या पाळण्यातलं मूल जगू लागल्याचा होता.

मूल जगणं ही या साऱ्या कथेतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. १९७१ साली राज्यात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १०५ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये हा आकडा १६ वर आला. तो आपोआप उतरला नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि त्यावर घरीच उपचार कसा करायचा, हे त्या शिकल्या. नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातल्या बालमृत्यूंची खरी व्याप्ती पुढे मांडली, आणि घरोघरी नवजात बालसेवेची ही पद्धत पुढे आशा कार्यकर्तींमार्फत देशभर गेली.

मग पाळणा लांबला

संततिनियमनाचा विचार महाराष्ट्रात फार लवकर रुजवला गेला. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून हा विषय उघडपणे मांडला. १९३८ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. तो फेटाळला गेला. पन्नाशीच्या दशकात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या जन्ममृत्यूंची पाहणी प्रसिद्ध केली आणि या चर्चेला आकड्यांचा पाया दिला.

विचार आधी आला आणि बदल पुष्कळ नंतर. जन्मलेलं मूल हाताशी राहील याची खात्री नसताना आईबाप मुलांची संख्या कमी करत नाहीत. ती खात्री वाढली, मुली शाळेत गेल्या, लग्नं उशिरा होऊ लागली, शस्त्रक्रियेची सोय तालुक्यापर्यंत पोचली, तेव्हा कुटुंबं लहान झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत महाराष्ट्रातला एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, २.९ होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ती १.७ आली. त्याच फेरीत गोव्यात १.३ आणि बिहारमध्ये ३ अशी नोंद झाली. आईबापांची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला हा दर २.१ च्या आसपास लागतो. महाराष्ट्र त्या रेषेखाली उतरून काही वर्षं झाली आहेत.

मग लोकसंख्या वाढते आहे ती कशी? आधीच्या दशकांत जन्मलेल्या मोठ्या पिढ्या आज तरुण आहेत म्हणून. प्रत्येक जोडप्याला मुलं कमी होतात, पण जोडप्यांचीच संख्या मोठी आहे. वाढीचा हा संचित वेग ओसरायला एक पिढी तरी जावी लागते. २०२० साली राज्याचा जन्मदर हजारी १५ आणि मृत्युदर ५.५ होता. फरक ९.५ चा. १९७१ च्या २० च्या तुलनेत निम्म्याहून कमी.

मृत्युदराचा आकडा वाचताना एक सावधगिरी बाळगायला हवी. २०२० मध्ये केरळचा मृत्युदर हजारी ७ होता आणि बिहारचा ५.४. यावरून बिहारचं आरोग्य केरळपेक्षा चांगलं असा अर्थ काढला तर तो साफ चुकेल, कारण त्याच वर्षी हजार बाळांमागे बिहारमध्ये २७ आणि केरळमध्ये ६ बाळं दगावली. केरळचा मृत्युदर जास्त दिसतो तो तिथे वृद्ध जास्त आहेत म्हणून. २०११ मध्ये साठीपुढच्यांचं प्रमाण केरळमध्ये १२.६ टक्के होतं, महाराष्ट्रात ९.९ आणि देशात ८.६. पुढच्या काळात महाराष्ट्राचाही मृत्युदर हळूहळू चढेल. ते दवाखान्यांचं अपयशच असेल असं नाही. माणसं दीर्घ जगून मोठ्या संख्येने म्हातारी झाल्याचाही तो परिणाम असेल.

येणं आणि जाणं

जन्म आणि मृत्यू मोजायची व्यवस्था देशात आहे. १९६९ च्या कायद्याने दोन्हींची नोंद सक्तीची आहे आणि ती २१ दिवसांत करायची असते. शिवाय नमुना नोंदणी पाहणीत निवडक गावांत आणि वॉर्डांत एक गणक वर्षभर जन्ममृत्यू टिपतो, दर सहा महिन्यांनी दुसरा अधिकारी स्वतंत्रपणे घरोघर विचारतो आणि दोन्ही याद्या पडताळतात. स्थलांतराला असा दाखला नाही. माणूस विदर्भ एक्स्प्रेसने गोंदियाहून येऊन मुंबईत उतरला किंवा गोरखपूरहून कल्याणला आला, तरी कुठल्या वहीत नोंद होत नाही. ते कळतं जनगणनेतल्या प्रश्नांतून: जन्म कुठे झाला, याआधी कुठे राहत होता, का आला. आधीच्या राहत्या ठिकाणाचा प्रश्न १९७१ पासून आणि कारणाचा १९८१ पासून विचारतात. दुसरा मार्ग वजाबाकीचा. दोन जनगणनांमधल्या एकूण वाढीतून नैसर्गिक वाढ काढली की उरतं ते नक्त स्थलांतर.

२००१ च्या जनगणनेत आधीच्या दहा वर्षांतल्या हालचालीचा हिशेब मिळतो. इतर राज्यांतून सुमारे ३२ लाख लोक महाराष्ट्रात आले आणि ९ लाख महाराष्ट्रातून इतर राज्यांत गेले. परदेशातून आलेल्यांची छोटी संख्या धरून नक्त भर सुमारे २४ लाखांची. देशात एवढी भर दुसऱ्या कोणत्याही राज्यात पडली नव्हती. पण त्याच दशकात राज्याची एकूण वाढ १ कोटी ७९ लाख होती. म्हणजे वाढलेल्या दर आठ माणसांमागे साधारण एक स्थलांतराने आला आणि सात इथल्या जन्मांनी वाढले. येणारे बहुतेक तरुण असतात, त्यांना इथे होणारी मुलं जन्मांच्या रकान्यात जातात, त्यामुळे स्थलांतराचा खरा वाटा याहून थोडा मोठा धरावा लागतो. तरीही राज्य मुख्यतः परप्रांतीयांमुळे वाढलं, हे त्या दशकाच्या आकड्यांत बसत नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात जागा बदललेले ५ कोटी ७४ लाख लोक मोजले गेले. त्यांतले इतर राज्यांतून आलेले सुमारे ९० लाख होते. बाकीचे जवळजवळ सगळे महाराष्ट्रातूनच महाराष्ट्रात आलेले. त्यात सासरी गेलेल्या बायकांचा फार मोठा वाटा आहे. लग्न हे आपल्या देशात बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण आहे. महाराष्ट्रातून बाहेर जाणारेही कमी नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक सोनंचांदी गाळण्याच्या कामासाठी देशभरच्या सराफ बाजारांत स्थायिक झाले आहेत. आपल्या गावात परका आला म्हणून बोलताना आपलेही दुसऱ्याच्या गावात असेच गेलेले आहेत, याची आठवण ठेवायला हवी.

इथून पुढे मात्र हे प्रमाण बदलत जाईल. नैसर्गिक वाढ निम्मी झाली आहे आणि आणखी उतरणार आहे. येणाऱ्यांची संख्या आहे तेवढीच राहिली तरी एकूण वाढीतला त्यांचा टक्का चढणार, कारण नैसर्गिक वाढीचा रकाना लहान होतो आहे. तो चढता टक्का पाहून लोंढे वाढले असा निष्कर्ष काढण्याआधी कोणता आकडा हलला आणि कोणता जागेवर राहिला, हे तपासावं लागेल.

जिल्ह्याला लागू पडतं ते

राज्याच्या पातळीवर राज्यांतर्गत स्थलांतर दिसतच नाही. रत्नागिरीतून ठाण्यात गेलेला माणूस महाराष्ट्राच्या बेरजेत शून्य असतो. जिल्ह्याच्या पातळीवर तोच माणूस सगळं ठरवतो.

रत्नागिरीत त्या दशकातही मृत्यूंपेक्षा जन्म जास्त होते. तरी ८२ हजारांची घट झाली, म्हणजे नक्त बाहेर गेलेल्यांची संख्या ८२ हजारांपेक्षा निश्चित मोठी होती. कोकणातला पुरुष गिरण्यांच्या काळापासून मुंबईला जातो आहे. त्याची खूण लिंग गुणोत्तरात उमटली आहे: २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत ११२२ बायका आणि मुंबई शहरात ८३२. गणपतीला आणि शिमग्याला गाव भरतं, नंतर कुलपं लागतात.

आणि मुंबई? उपनगर जिल्हा धरून पाहिलं तरी २००१ ते २०११ मध्ये मुंबईची वाढ चार टक्क्यांच्या आतच होती. राज्याची नैसर्गिक वाढ त्या दशकात बारा टक्क्यांच्या आसपास होती. मुंबईतला जन्मदर राज्यापेक्षा कमी धरला तरी या दोन आकड्यांतून निघणारा अर्थ असा की त्या दहा वर्षांत मुंबईत जितके आले त्याहून जास्त मुंबई सोडून गेले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि दोन खोल्यांत वाढलेल्या मुलांनी आपलं घर डोंबिवलीला, बदलापूरला, विरारला घेतलं. ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला त्यातला निम्म्याहून अधिक भाग आलेल्या माणसांचा आहे, आणि त्यांत मुंबईकर पुष्कळ आहेत.

इथे जन्म, मृत्यू आणि स्थलांतर हे तिन्ही रकाने एकमेकांत गुंततात. तरुण जातात तेव्हा आपले पुढचे जन्मही बरोबर नेतात. गावात वृद्ध उरतात, म्हणून मृत्युदर चढतो आणि जन्मदर उतरतो. शहरात उलट होतं. स्थलांतराचा परिणाम म्हणून पहिल्या दोन रकान्यांतले आकडेही बदलतात. कोकणातल्या शाळेत पट घटतो तो केवळ पाळणा लांबल्याने नाही, पालकच दुसरीकडे गेल्यानेही.

जे स्थलांतर कायमचं नसतं ते तर कुठेच नीट दिसत नाही. बीड, अहिल्यानगर, जालना भागातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेतलेले लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. त्यांची मुलं फडावर असतात तेव्हा गावच्या शाळेच्या पटावर त्यांचं नाव असतं आणि बाकावर ती नसतात. भारताची जनगणना फेब्रुवारीत होते, म्हणजे ऐन गळिताच्या हंगामात. जो जिथे सापडेल तिथे त्याची गणना होते. त्या एका महिन्याच्या चित्रावर वर्षभराची तरतूद ठरवली तर गाव आणि फड दोन्ही ठिकाणी ती कमी पडते.

आकड्यांवर काय काय उभं आहे

हा विषय अभ्यासकांपुरता नाही, कारण प्रतिनिधित्व आणि पैसा दोन्ही यावरच वाटले जातात. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला विधानसभेच्या २४ जागा आल्या. रत्नागिरीत ५ आहेत आणि सिंधुदुर्गात ३. लोक गेले की विधानसभेतला आवाजही जातो. लोकसभेत राज्यांना मिळणाऱ्या जागांची संख्या १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवलेली आहे आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तशीच राहायची आहे. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या करांत राज्यांचा वाटा ठरवताना २०११ च्या लोकसंख्येला १५ टक्के भार दिला आणि जन्मदर आटोक्यात आणणाऱ्या राज्यांचा तोटा होऊ नये म्हणून लोकसंख्येतल्या कामगिरीला १२.५ टक्के.

२०२१ ची जनगणना झाली नाही. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून ती होणार आहे. तोवर आपली बहुतेक सरकारी गणितं सोळा वर्षांपूर्वीच्या माणसांवर चाललेली असतील. २०११ च्या स्थलांतराचे बरेचसे तपशीलवार तक्ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, तोवर ठाण्यात, पुण्यात आणि रायगडात शहरं उभी राहून गेली होती. या वेळी तरी स्थलांतराचे तक्ते जिल्ह्यांनुसार आणि वेळेत हाती यायला हवेत. गणक दारात येईल तेव्हा “आधी कुठे राहत होता, का आलात” या प्रश्नांना घाईत काहीतरी सांगून वाटेला लावू नये. त्या दोन उत्तरांवर तुमच्या वस्तीतली पाण्याची लाइन ठरते आणि तुमच्या गावातली शाळा टिकते की जाते तेही.

लोकसंख्या वाढली की घटली, एवढ्यावर आपलं बोलणं थांबू नये. बाळ दगावतं तिथे आरोग्यदूत हवा. मुलगी लवकर लग्नाला उभी केली जाते तिथे तिची शाळा टिकायला हवी. तरुण निघून गेलेत तिथे मागे राहिलेल्या आईवडिलांसाठी दवाखाना आणि आधार हवा. तरुण येऊन पोचलेत तिथे घरं, पाणी आणि बालवाडी हवी, मग ते सावंतवाडीहून आलेले असोत की आझमगडहून. सरसकट एका घोषणेने यातलं एकही काम होणार नाही. आपल्या तालुक्याचे जन्म किती, मृत्यू किती, आले किती आणि गेले किती हे चार आकडे प्रत्येक ग्रामसभेसमोर आणि प्रत्येक वॉर्डसभेसमोर मांडले गेले पाहिजेत, आणि ते मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.